तेवढ्यापुरतं

डलूथच्या कोर्टात, तिसऱ्या मजल्यावर,
दाराबाहेरच्या यादीत नववं नाव:
हापाला विरुद्ध हापाला.
जणू आडनावच स्वतःशी भांडत आलंय इथवर.

फॉर्म मी घरीच भरला होता,
स्वयंपाकघरातल्या टेबलावर, अंगातला कोट न काढता.
महिन्याचा खर्च, ते विचारतात, ओळीखाली ओळ.
घराचा हप्ता. वीज. प्रोपेन.
टाकीचा काटा अकरावर. अकरा टक्के म्हणजे
एक खोली गरम, तीही रात्रीच.
केस कापणे: शून्य. पुढचे माझे मी कापते,
मागचे ब्रिटा कापायची. ती कॉलेजला गेली,
मागचे वाढलेत.
करमणूक.
इथे बराच वेळ पेन धरून बसले.
बंदरात शिरणारी खनिजाची जहाजं पाहायला
पैसे पडत नाहीत,
आणि जानेवारीअखेर जहाजंही नसतात.

हॅलोविनच्या आदल्या दिवशी कर्टिसनं
दोघांचं खातं रिकामं केलं.
चार डॉलर सत्त्याऐंशी सेंट तेवढे ठेवले.
खातं बंद पडू नये म्हणून, माझी वकील म्हणते.
मला आठवलं, हॉटेलातून उठताना
तो टिपही अशीच ठेवतो,
मोजून, बशीखाली.

त्याचा वकील उभा राहिला. म्हणाला,
माझ्या अशिलाचा धंदा बर्फ उपसण्याचा,
यंदा बर्फ कमी.
मी खिडकीकडे पाहिलं. बाहेर पडतच होता.
बावीस वर्षं त्या धंद्याच्या वह्या मीच लिहिल्यात,
कुठलं पार्किंग कितीला, कोण रोख देतो,
कोण मार्चपर्यंत टोलवतो, सगळं तोंडपाठ.
माझ्या वकिलीणबाईंनी वह्या पुढे सरकवल्या.
माझंच अक्षर माझ्या बाजूनं साक्षीला.

मग कुत्र्याचं इन्सुलिन.
हा खर्च बाईंचा कसा, तो वकील म्हणाला,
कुत्रा तर माझ्या अशिलाचा.
न्यायाधीशबाईंनी खोकल्याची गोळी
या गालातून त्या गालात नेली.
कुत्रा राहतो कुठे?
वकील कागद चाळू लागला.
उत्तर कर्टिसनं दिलं, बुटांकडे बघत:
तिच्यापाशी.

सगळं मिळून नऊ मिनिटं.
महिना अकराशे चाळीस, एक तारखेपासून.
घरात मी. ट्रक त्याचा. त्यानं घराकडे फिरकायचं नाही.
हा आदेश तात्पुरता आहे, बाईंनी वाचून दाखवलं,
यावरून अंतिम निकालाचा अंदाज बांधू नये.
नाही बांधत.
अंदाज बांधायची सवय मोडूनच आलेय इथे.

तात्पुरतं. म्हणजे तेवढ्यापुरतं.
चर्चमध्ये, माझ्या आईच्या लेसमध्ये,
जे म्हटलं होतं ते कायमचं होतं;
ते बावीस वर्षं पुरलं.
हे सहा महिन्यांचं आहे, आणि शिक्का मारलेलं.
जिन्यावर वकिलीणबाई म्हणाल्या, जिंकलो आपण.
मी हातमोज्याची जोडी शोधत होते. एकच सापडला.

प्रोपेनवाला शुक्रवारी आला.
पूर्ण भरू?
चाळीसपर्यंत, म्हटलं.
चाळीसनं एप्रिल दिसतो. त्यापुढचं त्यापुढे.

त्या रात्री फूटभर पडला.
पहाटे चारला ओळखीचं इंजिन, गल्लीच्या टोकाला.
सोर्वारी म्हातारीचं अंगण त्यानं साफ केलं,
मग रस्ता उकरत आला.
नांगराचं पातं जाता जाता कडेला
ढिगाची भिंत घालत जातं,
प्रत्येक घराच्या तोंडाशी, ठरलेलं.
आमच्या पत्रपेटीपाशी आवाज थांबला.
पडद्याआडून पाहिलं:
पातं वर उचललेलं,
ट्रक नुसताच पुढे गेला, मग सोर्वारीच्या शेजाऱ्यापासून
पुन्हा खाली.

आदेशात हे नव्हतं.
कुठल्या ओळीत लिहू, कळेना.

सात वाजता टोइवोला सुई टोचली. दोन युनिट.
तो शेपटीनं फरशी झोडपत
दाराकडे बघत राहिला.
चल, म्हटलं, अंगणातला तरी
आपल्यालाच काढायचाय.
एक मोजा घातला, दुसऱ्या हातावर त्याचा जुना लोकरी पायमोजा,
आणि फावडं उचललं.